कोणाचे स्वातंत्र्य, कोणापासून?

अमेरिकेचा इतिहास म्हणजे शासनाच्या वाढत्या सत्तेचा आणि नागरिकांच्या आक्रसत जाणाऱ्या स्वातंत्र्याचा इतिहास, असे सांगणाऱ्या ग्रंथांचा तिकडे एक भरभराटलेला उद्योगच आहे. बॅरी गोल्डवॉटर यांचे १९६० सालचे ‘द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’, मिल्टन फ्रीडमन यांचे १९६२ सालचे ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’, लिंकनवर हुकूमशाहीचा आरोप ठेवणारे थॉमस डिलोरेंझो यांचे २००२ सालचे ‘द रिअल लिंकन’. लेखक निराळे, काळ निराळा, परंतु पोथी बहुतांशी एकच. राज्यघटनेने मध्यवर्ती शासनाचे हात बांधले होते, पुढच्या पिढ्यांनी ते एकेक करून सोडले आणि नागरिक परतंत्र झाला, ही ती पोथी. राज्यसंस्थेचा बडगा ज्याने पाठीवर सोसला आहे अशा लोकशाहीवाद्यालाही ती मोहात पाडते. म्हणूनच तिची झडती घेणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न साधा आहे. या पोथीतील ‘नागरिक’ कोण? १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाखांहून अधिक माणसे गुलाम म्हणून मोजली गेली. त्यांच्या दृष्टीने शासनाचे हात कधी बांधलेले होते? १८५० च्या पलायित गुलामांविषयीच्या कायद्याने मध्यवर्ती शासनाला उत्तरेच्या मुक्त राज्यांत शिरून माणसे पकडण्याचा अधिकार दिला. पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्यास १००० डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवास. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा हक्क नाही, ज्यूरी नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर आयुक्ताचे शुल्क १० डॉलर, मुक्त केले तर ५ डॉलर! (कागदपत्रे अधिक लिहावी लागतात, हे त्याचे समर्थन.) हा कायदा मागणारे दक्षिणेतील मळेवाले तेच, जे दहा वर्षांनी राज्यांच्या स्वायत्ततेचा झेंडा घेऊन उभे राहिले. मध्यवर्ती सत्ता गुलाम धरून आणते तोवर ती घटनात्मक, गुलाम सोडवू लागली की जुलमी, असा हा न्याय.

महाराष्ट्रात एका माणसाने हे फार लवकर ओळखले होते. तरुणपणी टॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण करून. ज्या युद्धाने ही मुक्ती घडविली त्याच युद्धाला हे ग्रंथकार स्वातंत्र्यनाशाचा प्रारंभ मानतात. ज्याच्या पायात बेडी होती त्याच्या बाजूने फुल्यांनी इतिहास वाचला. पोथीकारांना बेडीच्या मालकाची झालेली हानी दिसते.

फुल्यांनी ती अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा दक्षिणेत मध्यवर्ती शासनाची फौज अद्याप होती. कू क्लक्स क्लॅनने कृष्णवर्णीय मतदारांवर खून, फटके आणि जाळपोळीचे सत्र चालविले होते. काँग्रेसने १८७१ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ तालुक्यांत हेबिअस कॉर्पसचा हक्क स्थगित केला. १९७५ ते ७७ ची आणीबाणी आणि १९७६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ज्यांच्या स्मरणात आहे, त्या मराठी वाचकांच्या अंगावर हे शब्द वाचून काटा येईल, आणि तो यावाच. परंतु तपशील पाहिला पाहिजे. स्थगितीला संसदेच्या कायद्याचा आधार आणि मुदत होती. क्षेत्र मोजके होते. पकडलेल्यांवर नेमके आरोप ठेवून उघड्या न्यायालयात खटले चालले आणि त्या ज्यूरींत कृष्णवर्णीयही बसले. क्लॅनचा कणा तेथे मोडला. १८७७ साली राजकीय सौदेबाजीत फौजेचा आधार काढून घेण्यात आला, शासन पोथीला हवे तसे ‘मर्यादित’ झाले, आणि मुक्त झालेल्या माणसांच्या वाट्याला मताधिकाराचा लोप, वेगळे डबे, वेगळ्या शाळा आणि झाडाला टांगणारी झुंड आली.

यावर ग्रंथ लिहिले गेले नाहीत असे नाही. कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी त्या पुनर्रचनेच्या काळाला अनागोंदीचा काळ ठरविले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले तेच शिकली. डनिंग तेथे असतानाच, १९१३ ते १९१६ या काळात, बाबासाहेब आंबेडकर त्या विद्यापीठात शिकत होते. त्या इतिहासलेखनाला समग्र उत्तर दिले ते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी, १९३५ च्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ या ग्रंथात. १९४६ साली आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र पाठविले, हा योगायोग नव्हे.

गोल्डवॉटर आणि फ्रीडमन यांचा सज्जनपणा येथे ध्यानात घ्यावा. दोघांनाही वंशभेद व्यक्तिशः अमान्यच होता. परंतु शाळा एकत्र करण्यास मध्यवर्ती शासनाने भाग पाडू नये, असे गोल्डवॉटर म्हणतात. नोकरीतील भेदभावाला कायद्याने बंदी करू नये, असे फ्रीडमन म्हणतात. गोल्डवॉटर यांनी तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये मत दिले. कामगारांच्या बाबतीत हीच भाषा आधीच वापरून झाली होती: बेकरीतील कामगाराकडून दिवसाला दहा तासांहून अधिक काम घेऊ नये, हा न्यूयॉर्कचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये रद्द केला तो कराराच्या स्वातंत्र्याच्या नावाने. आणि १८९४ मध्ये पुलमनचा संप मोडण्यास मध्यवर्ती फौज शिकागोत आली, तेव्हा मर्यादित शासन कोठे गेले होते?

मात्र समाजवाद्यांनी एवढ्यावर टाळ्या पिटून थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पुलमनच्या संपाचे नेते युजीन डेब्स यांना १९१८ मध्ये कँटन येथील युद्धविरोधी भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली, ती विल्सन यांच्या तथाकथित पुरोगामी राजवटीत. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने उचलून धरली. १९२० ची अध्यक्षीय निवडणूक डेब्स यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढविली आणि नऊ लाखांहून अधिक मते मिळविली. त्यांना सोडले ते प्रतिगामी हार्डिंग यांनी. कामगारांना संघटनेचा हक्क देणाऱ्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीच १९४२ च्या एका आदेशाने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत कोंडण्याची वाट मोकळी केली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. आरोप नाही, खटला नाही, वंश हाच अपराध. कोरेमात्सू खटल्यात १९४४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी याला मान्यता देणारा निर्णय लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी, जे नागरी स्वातंत्र्याचे कैवारी म्हणून नावाजले गेले. रूझवेल्ट यांच्या स्तुतीपर ग्रंथांत या छावण्या ‘युद्धकाळातील खेदजनक प्रमाद’ म्हणून सारवून टाकणारे लेखक डनिंगच्या शिष्यांपासून फार दूर नाहीत. ग्रँटची स्थगिती आणि रूझवेल्टचा आदेश यांतील अंतर शासनाच्या आकाराने मोजता येत नाही. एकाने गुन्हा करणाऱ्याला न्यायालयापुढे आणले. दुसऱ्याने गुन्हा न केलेल्याला न्यायालयाच्या दारातूनच परत पाठविले.

आणि ग्रंथांचेच बोलायचे तर, कोणते ग्रंथ शासनाला सलले? हॉवर्ड फास्ट यांची पेनच्या चरित्रावरील ‘सिटिझन टॉम पेन’ ही कादंबरी १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांच्या ग्रंथालयांतून काढण्यात आली. निमित्त असभ्य उताऱ्यांचे. १९५० मध्ये फास्ट यांना तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला आणि १९५३ मध्ये परराष्ट्र खात्याने परदेशांतील अमेरिकन ग्रंथालयांतून त्यांची पुस्तके हटविली. ८२ वर्षांच्या ड्यू बॉइस यांच्यावर १९५१ मध्ये परकीय हस्तक म्हणून खटला भरण्यात आला. ते निर्दोष सुटले, तरी पारपत्र त्यांना १९५८ पर्यंत मिळाले नाही. गोल्डवॉटर किंवा फ्रीडमन यांच्यावर असा प्रसंग ओढवल्याचे कोणी ऐकले नाही. २०२१ नंतर टेक्सास, फ्लॉरिडा आदी राज्यांनी वंशभेदाचा इतिहास वर्गात कसा शिकवावा यावर कायद्याने बंधने घातली. ते कायदे करणारी विधिमंडळे त्या पक्षाच्या हाती होती, ज्याचे १९६४ चे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर होते.