सिंकखालचं ‘व्हाय-व्हाय’

चाकणच्या कंपन्यांत काम करणाऱ्या माझ्या दोस्तमंडळींची एक गंमत आहे. शॉप फ्लोअरवर लाइन जरा थांबली, की ‘व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस’ झाल्याशिवाय कुणाची सुटका नाही. आणि घरी सिंकवरच्या स्प्रेची धार बारीक झाली की? थेट निकाल! ‘स्प्रे गेला, नवीन आणू.’ मग नवा येतो आणि काही महिन्यांत तोही ‘जातो’.

बॉस, ते व्हाय-व्हाय जरा घरीही आणा ना!

पहिला प्रश्न : धार फक्त इथेच बारीक आहे की घरभर? बाथरूमचा नळ सोडून बघा. तिथेही रडगाणं असेल, तर लोच्या प्रेशरचा आहे. गणित सोपं आहे. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर साधारण १ बार प्रेशर मिळतं. तुम्ही टॉप फ्लोअरला आणि टाकी डोक्यावर जेमतेम ४ मीटर, म्हणजे ०.४ बार. पुल-आउट स्प्रेला किमान किती प्रेशर लागतं, ते बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात दिलेलं असतं. घेण्याआधी वाचा. रंग नंतर बघा!

दुसरा प्रश्न : साधी धार ठीक, पण फवारा मरगळलेला? मग भोकं बुजलीत. रबरी टोकांवरून अंगठा जोरात फिरवा, पांढरी पूड गळून पडेल.

तिसरा प्रश्न : दोन्ही मरगळलेले? अँगल कॉक बंद करा, हेड फिरवून काढा, पाइपचं तोंड बादलीत धरा आणि कॉक-नळ सोडा. पाणी धो धो आलं, तर दोष हेडमध्ये. आतली जाळी काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. पाणी रडतच आलं, तर खाली वाका. कचऱ्याच्या डब्यामागे पाइप मुडपलाय का? अँगल कॉक अर्धवटच उघडलाय का?

सिंकखाली ओल असेल, तर सगळं कोरडं पुसून प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळा. सर्वांत वरचा भिजलेला टिश्यू म्हणजे तुमचा आरोपी. पाणी खालीच ओघळतं, म्हणून खालचे जॉइंट उगाच बदनाम होतात.

आता शेवटचा, खरा ‘व्हाय’. जाळी मुळात तुंबलीच का? पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं. पवना धरणाचं पाणी पावसाचं, त्यात क्षार त्यामानाने कमी. पण ते पुरेनासं झालं, की बोअर आणि टँकर आलेच. जमिनीत मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं आणि वाळताना नळावर ठेवून जातं. शिवाय रिकाम्या झालेल्या पाइपात पुन्हा पाणी सुटलं, की तळाची माती ढवळून निघते. ती अडकते कुठे? तुमच्या जाळीत.

व्हाय-व्हायचं गाजलेलं उदाहरण टोयोटाच्या ताइची ओनो यांचं, त्यांच्या १९७८च्या पुस्तकातलं. मशीन बंद पडलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण लोड वाढला. बेअरिंगला तेल मिळत नव्हतं. तेल नाही, कारण पंप नीट ओढत नव्हता. पंप ओढेना, कारण त्याचा शाफ्ट झिजलेला. आणि शाफ्ट झिजला, कारण जाळीच नव्हती, धातूचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता, तर तो पुन्हा उडाला असता.

तुमचा नवा स्प्रे म्हणजे तो फ्यूज. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली? टँकरचं पाणी टाकीत जाण्याआधी गाळलं जातं का? सॉफ्टनरचा विषय कुणी काढलाय का? स्प्रे काय, एका क्लिकवर घरी येतो. रविवारी सकाळी सोसायटीच्या मीटिंगला जाणं जिवावर येतं. पण पाचवा ‘व्हाय’ सुटतो तो तिथेच!