मुलाखतीची धडधड आणि आडनावाचा प्रश्न

पदवीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये गुणगौरवाचे कार्यक्रम सुरू होतात. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार, सामूहिक वंदना, पाहुण्यांचे भाषण, विद्यार्थ्याला प्रमाणपत्र आणि एखादा ग्रंथ. प्रथा चांगली आहे आणि ती चालू राहावी. परंतु त्याच विद्यार्थ्याला वर्षभराने पहिल्या मोठ्या नोकरीच्या मुलाखतीचे पत्र येते, तेव्हा समाज म्हणून आपण त्याच्याजवळ नसतो. बहुतेक वेळा तो घरातला पहिला पदवीधर असतो. टेबलापलीकडे बसलेले तीन-चार अनोळखी लोक काय विचारतात, कसे विचारतात, हे सांगणारे घरात कोणी नसते. मग तो मित्रांना विचारतो, मोबाइलवर व्हिडिओ बघतो आणि मुलाखतीच्या दोन-तीन दिवस आधी छातीवर हात ठेवून दवाखान्यात येतो.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण हेच. "छातीत धडधड होते, ईसीजी काढावा का?", "जेवण जात नाही", "सकाळपासून चार वेळा संडासला जावे लागले", "रात्रभर डोळा लागत नाही", अशा तक्रारी घेऊन येणारी बावीस-तेवीस वर्षांची मुले-मुली भरतीच्या दिवसांत हमखास दिसतात. सोबत वडील असतील तर ते म्हणतात, "याच्यात आत्मविश्वासच नाही, डॉक्टरसाहेब." माझे मत वेगळे आहे. यात आत्मविश्वासाचा भाग थोडा आहे. बराचसा भाग शरीराचा आणि सरावाचा आहे, आणि काही भाग आपण ज्या समाजात राहतो त्याचा आहे. हे सगळे एकट्या मुलाच्या डोक्यावर टाकून आपण मोकळे होतो, हे मला मान्य नाही.

आधी शरीराचे बघू. धोका आहे असे मेंदूला वाटले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन सोडतात. हृदय जोरात चालते, श्वास उथळ होतो, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते, पोटाचा रक्तपुरवठा कमी होऊन गोळा आल्यासारखे वाटते. समोर साप आला तरी हेच होते आणि मुलाखत मंडळ आले तरी हेच होते. शरीराला दोन्हीतला फरक कळत नाही. हा आजार नाही, भित्रेपणाची खूणही नाही. थोडी धडधड उपयोगीच असते, तिच्यामुळे माणूस सावध राहतो. ती इतकी वाढली की येत असलेले उत्तरही आठवेनासे झाले, तर मात्र काहीतरी करावे लागते.

ते "काहीतरी" म्हणून सध्या मेडिकलमधली गोळी पुढे येते आहे. दोन गोळ्यांची नावे मुलांच्या तोंडी असतात. एक प्रोप्रानोलॉल. ती हृदयाचे ठोके आणि हातांची थरथर कमी करते, हे खरे. पण ज्याला दमा आहे त्याच्या श्वासनलिका तिने आवळल्या जाऊ शकतात, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याची साखर उतरली तर त्याची लक्षणे ती झाकून टाकते. दुसरी अल्प्राझोलम. तिने झोप येते, जीभ जड होते, स्मरणशक्ती मंदावते, म्हणजे मुलाखतीत जे लागते नेमके तेच जाते. शिवाय तिची सवय लागते. दोन्ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने परवानगी नाही, तरी "मित्राने दिली" हे उत्तर वारंवार ऐकू येते. काहींना औषधाची गरज खरोखरच असते. ती तपासून ठरवावी आणि मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा कोणतीही गोळी घेऊ नये.

आणि प्रत्येक धडधड भीतीची नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन आठ असलेल्या मुलीला जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडते, लक्ष लागत नाही. तिला "घाबरू नको" म्हणून काय होणार? थायरॉइड वाढलेला असला तरी असेच होते. त्यामुळे अभ्यास सुरू करतानाच एकदा रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, ती सिकलसेलची. आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही हा आजार आढळतो. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, जागरण आणि मानसिक ताण, या सगळ्यांनी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो. आता मुलाखतीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तिकीट कन्फर्म नाही म्हणून रात्रभर जनरल डब्यात उभ्याने प्रवास. स्टेशनवर तोंड धुऊन थेट केंद्रावर. स्वच्छतागृह कसे असेल याची खात्री नाही म्हणून मुलगी पाणीच पीत नाही. मग एसी लावलेल्या खोलीत चार तास नंबरची वाट पाहायची. झटका आणणारी जवळजवळ सगळी कारणे एका दिवसात जमा होतात. अशा उमेदवाराने आदल्या दिवशीच पोहोचावे, पाण्याची बाटली आणि स्वेटर बरोबर ठेवावा, रोजची गोळी चुकवू नये. त्याबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही. ज्यांच्यात फक्त वाहकाचा गुण आहे ते साधारणपणे निरोगीच असतात, त्यांनी "मला सिकलसेल आहे" असे मनाला लावून घेऊ नये.

आदल्या दिवशी जायचे तर पैसा लागतो, हे कळते. पण सरकारी बँकांच्या आणि केंद्र सरकारच्या पुष्कळ भरतींमध्ये बाहेरगावाहून मुलाखतीला येणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना द्वितीय श्रेणीचे जाण्या-येण्याचे भाडे मिळते. कॉल लेटरच्या शेवटच्या परिच्छेदात ते लिहिलेले असते आणि तो परिच्छेद कोणी वाचत नाही. तिकीट जपून ठेवावे, फॉर्म भरावा.

आता आडनावाचा प्रश्न. "कुठले तुम्ही?", "वडील काय करतात?", "पूर्ण नाव सांगा जरा". इतर उमेदवारांसाठी हे गप्पा सुरू करण्याचे प्रश्न असतात. आपल्या मुलाच्या पोटात याच प्रश्नांनी गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत विशेष फरक पडला नाही. सर्वांसमोर नाव आणि जात जाहीर केल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, बुद्धीही तीच. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर थेट नोकरीचाच होता. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा ठेवला. दलित नावाच्या अर्जांना बोलावणे येण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी निघाले.

म्हणजे मुलाचे शरीर जो धोका ओळखते तो काल्पनिक नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. त्यांची तयारी कमी होती असे कोण म्हणेल? म्हणून "न्यूनगंड सोडा" असे भाषण देणाऱ्या पाहुण्यांचा मला आता कंटाळा येतो. मुलाला सल्ल्यापेक्षा त्या प्रश्नाचा सराव हवा आहे.

"माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार आहेत." हे वाक्य नेहमीच्या आवाजात, मान खाली न घालता म्हणायचे आणि थांबायचे. पुढे कष्टांची कहाणी जोडायची गरज नाही, सारवासारवही नको. "आरक्षणाबद्दल तुमचे मत काय?" असे विचारले तर संविधानाचे कलम १६(४) काय सांगते ते दोन वाक्यांत सांगावे, वाद घालत बसू नये. मुलींना "लग्न कधी करणार?" हेही विचारले जाते. "या नोकरीवर त्याचा परिणाम होणार नाही", एवढे उत्तर पुरे. ही वाक्ये वाचायला सोपी आहेत. पहिल्यांदा मोठ्याने म्हणताना घसा अडकतो. दहाव्यांदा अडकत नाही. भीती कमी होण्याची वैद्यकशास्त्राला माहीत असलेली सर्वांत खात्रीची रीत हीच आहे: ज्याची भीती वाटते ते सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा करणे.

तथागतांनी सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण लागतो ती वेदना टळत नाही; त्यावर मन जे कुढत बसते तो दुसरा बाण. मुलाखतीत खोचक प्रश्न आला तर तो पहिला बाण. "माझे आता काही खरे नाही" हा विचार दुसरा, आणि पुढच्या चार प्रश्नांची उत्तरे तोच बिघडवतो. एवढ्यापुरता दृष्टान्त फार उपयोगी आहे. परंतु बाण मारणाऱ्याला सोडून द्यावे असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. सरकारी किंवा बँकेच्या भरतीत जातीवरून अपमान झाला तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि शब्द वहीत लिहून ठेवावेत. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार करता येते. मन शांत ठेवणारा माणूस तक्रारही नीट लिहितो.

श्वासाबद्दल थोडे. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे पाच मिनिटे केल्याने ठोके खरोखर कमी होतात. उच्छ्वास लांबला की हृदयाला मंद करणारी मज्जा जागी होते. हे आनापानसती नव्हे. आनापानसतीत श्वास बदलायचा नसतो, जसा आहे तसा पाहायचा असतो. दोन्ही शिकावे, पण पंधरा दिवस आधीपासून रोज. परीक्षा केंद्राच्या दारात पहिल्यांदा केले तर उपयोग होत नाही. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट जास्त घाबरायला होते. त्यांनी तळपाय जमिनीला कसे टेकले आहेत तिकडे लक्ष न्यावे.

घरच्यांनी मुलाखतीच्या सकाळी "समाजाचे नाव काढ", "सगळे तुझ्यावर अवलंबून आहे" असे म्हणू नये. प्रेमानेच म्हणतात, पण त्या मुलाच्या खांद्यावर कर्ज, बहिणीचे लग्न आणि चळवळ असे सगळे एकदम येते. पोळी-भाजी किंवा पोहे खाऊन पाठवावे. उपाशी पोटी आधीच थरथरणारे हात आणखी थरथरतात. निकाल आल्यावरही जरा सांभाळून. नाकारले गेल्यावर दोन आठवड्यांहून जास्त काळ मुलगा खोलीतून बाहेर येत नसेल, जेवत-झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल तर ते "नाटक" समजू नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब (अराजपत्रित) पदांच्या मुलाखती बंद केल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचेच आहेत, बँकांच्या प्रोबेशनरी ऑफिसरसाठी मुलाखत आहे, आणि खासगी कंपन्यांत तर सारी मदार तिच्यावरच असते. म्हणून माझी विहार समित्यांना एक सूचना आहे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत रविवारच्या वंदनेनंतर एक तास सराव-मुलाखतीसाठी ठेवावा. एक टेबल, तीन खुर्च्या. पलीकडे आपल्यातलेच निवृत्त बँक अधिकारी, शिक्षिका, परिचारिका, अभियंता बसतील. त्यात एक तरी स्त्री असावी. शक्यतो दुसऱ्या वस्तीतले लोक बोलवावेत, ओळखीच्या काकांसमोर भीतीच वाटत नाही. प्रश्न कडक विचारावेत, आडनावाचा, आरक्षणाचा आणि लग्नाचाही. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीत अडखळू द्यावे, हसू नये. "माहीत नाही, सर" हे उत्तरही त्याला सहज देता आले पाहिजे. प्रत्येकाची निदान पाच-सहा वेळा पाळी यावी. आणि जे मुलगे-मुली गेल्या वर्षी निवडले गेले, त्यांना सत्काराला बोलावतो तसे या टेबलापलीकडे बसायलाही बोलवावे.