डोंगरातले अंतर पायांनी मोजावे

मा. संपादक यांस,


पावसाळा सुरू झाला की सातपुड्यातील झोळीची छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागतात. बांबूला बांधलेली चादर, तीत निपचित पडलेली गर्भवती किंवा तापाने फणफणलेले मूल, आणि चिखलातून, ओढ्याच्या पाण्यातून वाट काढणारे खांदेकरी हे दृश्य पाहून सहृदय वाचक हळहळतात, कोणी रस्त्याची मागणी करतो, चौकशीचे हुकूम निघतात, आणि पाऊस ओसरला की हा कळवळाही ओसरतो. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. परंतु नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी, म्हणजे धडगाव, तालुक्यातील लोकांचे हे दुःख डोंगरानेच त्यांच्या कपाळी लिहिले आहे, असा जो समज त्याच्या मुळाशी असतो, तो मला मान्य नाही. त्या दुःखाचा फार मोठा भाग सपाटीवरील गावांसाठी तयार झालेल्या एका मोजमापाने निर्माण केला आहे, आणि ते मोजमाप बदलणे सर्वस्वी शासनाच्या हातचे आहे, हे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

अक्राणीतील गाव देशावरच्या गावाप्रमाणे एका पांढरीत दाटीने वसलेले नसते. भिल्ल आणि पावरा कुटुंबे आपापल्या शेतात, पाण्याच्या आश्रयाने, टेकडीच्या उतारावर घरे बांधून राहतात. अशा थोड्या थोड्या घरांचा एकेक पाडा, आणि दऱ्याखोऱ्यांनी परस्परांपासून विभागलेल्या अनेक पाड्यांचे मिळून महसुली दफ्तरातील एक गाव होते. या विखुरलेपणाला मागासलेपणाची खूण मानणे अन्यायाचे आहे. कारण जेथे कसण्याजोगी जमीन तुकड्यातुकड्यांनीच लाभते, तेथे पिकाची राखण, गुरांची सोय आणि झऱ्याचे सान्निध्य यांचा मेळ घालून राहावयाचे तर याहून शहाणपणाची रीत दुसरी नाही. हे लोक आळशीही नाहीत. ज्वारी, मका, भगर, तूर, उडीद ही पिके ते उतारावरच्या हलक्या जमिनीतून काढतात. मोहफुले व चारोळी वेचतात. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी करून, कडक उन्हात वाळवून आमचूर तयार करतात. हा आमचूर डोंगर उतरून बाजारात न्यावा, आणि तेवढाच भार पाठीवर घालून परत चढणे शक्य नाही हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असल्यामुळे तो देईल त्या भावाने विकावा, अशी स्थिती आहे. पावसावरची शेती वर्षभर पुरत नाही, म्हणून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि शेतमजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला घराकडे वळतात. सारांश, आजार असो, बाजार असो वा मजुरी असो, येथील प्रत्येक व्यवहाराची किंमत अंतरावर ठरते.

आणि नेमके हेच अंतर शासनाच्या हिशेबात गौण ठरले आहे. सपाट प्रदेशात 5,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, तर डोंगरी व आदिवासी प्रदेशात 3,000 लोकसंख्येमागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र तिकडे 30,000 लोकांमागे, तर इकडे 20,000 लोकांमागे. आदिवासी भागात अंगणवाडीसाठी 300 ते 800, आणि मिनी अंगणवाडीसाठी 150 ते 300 लोकसंख्या. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवर 500, तर अनुसूचित क्षेत्रात 250 लोकवस्ती, असे हे निकष ठरले. वरकरणी यात डोंगराला झुकते माप दिलेले दिसते. परंतु सवलत मिळाली ती आकड्यात, निकष मात्र डोक्यांच्या मोजणीचाच राहिला. सपाटीवर काही हजार लोकांची वस्ती आरोग्यसेविका एका दिवसात सहज फिरून येते. अक्राणीत तेवढीच वस्ती धरावयाची तर तिला एकेका पाड्यासाठी दरी उतरून समोरचा डोंगर चढावा लागतो, आणि ओढ्याला पूर असला तर तेही बंद होते. ज्या पाड्यात माणसेच शंभराच्या आत, त्याच्या रस्त्याचा अर्ज 250 च्या अटीवर अडतो. शेजारच्या वस्त्या जमेस धरण्याची मुभा योजनेत आहे खरी, पण डोंगरात तीही दीड किलोमीटरच्या पायवाटेपुरतीच. चांदसैली घाटात दरड कोसळली की जेथे अवघ्या तालुक्याची तळोद्याकडची वाट खुंटते, तेथे पाड्याची कथा काय सांगावी!

रोग लोकसंख्या पाहून येत नाही. प्रसूतीनंतरचा अनावर रक्तस्राव दोन तासांतही स्त्रीचा प्राण घेऊ शकतो. सर्पदंशात प्रतिविष किती लवकर टोचले जाते यावर जीवन अवलंबून असते. ज्या संकटाचे माप काळाचे आहे, त्याच्या प्रतिकाराचे माप शिरगणतीचे असणे ही मूलभूत विसंगती होय. हे तत्त्व शासनाला अपरिचित आहे असेही नाही. वस्तीपासून अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर उपकेंद्र असावे, हा काळाचा निकष निवडक डोंगरी व वाळवंटी जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारने यापूर्वीच स्वीकारलेला आहे. माझी मागणी इतकीच, की तो निवडक न राहता जेथे जेथे पाड्यांची वसाहत आहे तेथे तेथे, आणि उपकेंद्राप्रमाणेच अंगणवाडी, शाळा व वाट यांनाही, बंधनकारक व्हावा.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. तो खरा आहे, पण अपुरा आहे. कारण प्रत्येक पाड्याला इमारत आणि डांबरी सडक हवी, असे मी म्हणत नाही. पाड्यातीलच प्रशिक्षित स्त्रीला औषधांचा साठा व पुरेसे वेतन द्यावे, ओढ्यांवर पादचारी साकव बांधावेत, वाटा बारमाही चालण्याजोग्या कराव्यात, आणि प्रसूतीपूर्वी राहण्यासाठी आरोग्य केंद्राजवळ असलेल्या ‘माहेरघरां’त गर्भवतीच्या लहान मुलांच्याही निवासाची तजवीज प्रत्यक्षात व्हावी, म्हणजे घर सोडून येण्यास ती कचरणार नाही. नर्मदेच्या काठी तरंगता दवाखाना चालविणाऱ्या शासनाला परिस्थितीनुरूप साधने शोधता येत नाहीत, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे: या लोकांना खाली सपाटीवर आणून का वसवू नये? याचे उत्तर येथेच मिळते. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे तंटे दशकानुदशके चालले. रान, नदी आणि भाऊबंदकी यांच्यासह उभा असलेला संसार मोबदल्याच्या जमिनीत जसाच्या तसा रुजत नाही, हा धडा त्या अनुभवाने दिला आहे. धरणासाठी ज्यांना डोंगर सोडावा लागला त्यांची कथा ताजी असताना, उरलेल्यांना दवाखान्यासाठी डोंगर सोडा म्हणून सांगणे, हे नागरिकत्वाचे हक्क वस्तीच्या उंचीवर ठरविण्यासारखे आहे.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या कारभारात अधिकार दिला आहे. त्या अधिकाराने ग्रामसभेने, तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना व ग्रामसेवकांना सोबत घेऊन, प्रत्येक पाड्यापासून दवाखान्यापर्यंत, अंगणवाडीपर्यंत आणि बाजारापर्यंत लागणारा वेळ चालून मोजावा. तो उन्हाळ्यात नव्हे, तर श्रावणात, ओढे भरलेले असताना, आणि रिकाम्या हाताने नव्हे, तर झोळी खांद्यावर असल्याच्या गतीने मोजावा. ती नोंद गावच्या दफ्तरात कायम ठेवावी, आणि पुढील वर्षाचा नियोजन आराखडा मंजूर करताना लोकसंख्येच्या रकान्याशेजारी तिचा रकाना सक्तीचा करावा. याला नवा कायदा नको, आयोग नको. जिल्हा परिषदेने एक ठराव करावा आणि राज्य शासनाने त्यास मान्यता द्यावी, एवढ्यावर हे काम येत्या पावसाळ्यातच सुरू होऊ शकते, आणि ते व्हावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. शहादा, जि. नंदुरबार