विश्लेषण: लाजाळू विद्यार्थ्याचे कॉलेजचे पहिले वर्ष, माइकपेक्षा वीस जणांचा गट का महत्त्वाचा?

नाव सांगा, गाव सांगा, छंद सांगा. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सभागृहात माइक हातोहात फिरू लागतो आणि शेवटच्या रांगेतल्या एखाद्याचे तळहात ओले होतात. आपला नंबर येईपर्यंत तो आधीच्या चाळीस जणांचे काहीच ऐकत नाही. स्वतःचे एकच वाक्य मनात घोकत बसतो. बोलून खाली बसला, की ते वाक्य कुठे चुकले याचा हिशेब रात्रीपर्यंत चालतो.

तुळजापूरसारख्या ठिकाणी याला आणखी एक पदर आहे. देवीच्या दर्शनासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात तुळजाभवानी मंदिर संस्थानने सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपसिंगा रस्त्यावर टाटा समाज विज्ञान संस्थेचा, म्हणजे ‘टिस’चा, कॅम्पस १९८०च्या दशकापासून आहे. त्यामुळे भूम, परंडा, उमरगा, लोहाऱ्याकडची मुले आणि परराज्यांतून आलेली मुले एकाच गावात शिकतात. बारावीपर्यंत मराठीत धडाधड उत्तरे देणारी मुलगी इंग्रजी स्लाइड आणि इंग्रजी तोंडी परीक्षेसमोर गप्प होते. तिला लाजाळू म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तिचा प्रश्न स्वभावाचा नसून भाषेचा आहे. आधी हा फरक शिक्षकांनी ओळखायला हवा.

खरोखर भिडस्त असणे हा आजार नाही आणि ते दुर्मीळही नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत केलेल्या पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांनी आपण लाजाळू असल्याचे सांगितले होते. बडबड्या समजल्या जाणाऱ्या देशातला हा आकडा आहे.

सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, ही भावना कितपत खरी असते? २००० साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी याची एक गमतीशीर चाचणी प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटावी असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांनी तरी ते चित्र पाहिले असणार, असे टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात जवळपास एक चतुर्थांश लोकांच्याच ते लक्षात आले. २०१८ मधील एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास तर थेट वसतिगृहापर्यंत जातो. पहिल्या भेटीनंतर समोरच्याला आपण जितके आवडलो असे वाटते, त्यापेक्षा जास्त आवडलेले असतो, असे त्यात दिसले. येल विद्यापीठात एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज अनेक महिने टिकला.

म्हणजे लाजाळू मुलाला धीट करण्यापेक्षा त्याच चार माणसांशी पुन्हा पुन्हा गाठ पडेल, अशी सोय करणे जास्त उपयोगाचे.

आश्चर्य म्हणजे अशी सोय कागदावर आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) मार्गदर्शिकेत नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आहे. त्यात साधारण वीस विद्यार्थ्यांचा एक गट, त्याला एक मार्गदर्शक शिक्षक आणि तोच शिक्षक पदवी पूर्ण होईपर्यंत, अशी कल्पना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने इतर अभ्यासक्रमांसाठीही अशी मार्गदर्शिका आणली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तीन आठवड्यांचे तीन दिवस होतात आणि त्यातला एक पाहुण्यांच्या सत्कारात जातो. गट रजिस्टरमध्ये बनतात, सह्या होतात, भेटी होत नाहीत.

गंमत अशी, की अभियांत्रिकीत हे काम नकळत प्रॅक्टिकलची बॅच करते. रोल नंबरनुसार शेजारी आलेला मुलगा जर्नल मागतो, सबमिशनच्या आदल्या रात्री दोघे एकत्र फाइल पूर्ण करतात आणि मैत्री होऊन जाते. त्यासाठी कुणाला छंद सांगावा लागत नाही. समाजकार्याच्या शिक्षणात हीच जागा क्षेत्रकार्याची. गावातल्या ओसरीवर बसून दुसऱ्याचे नीट ऐकून घेणे आणि टिपणे काढणे, हे अबोल विद्यार्थ्याला बोलक्यापेक्षा चांगले जमू शकते. हातात काम असले की बोलायला विषय शोधावा लागत नाही.

जवळ गाव असलेल्यांसाठी एक सापळा मात्र आहे. शनिवारी दुपारी एसटी पकडली की संध्याकाळी घरी. पहिले काही आठवडे यात वावगे नाही. पण वसतिगृहातल्या ओळखी रविवारीच वाढतात. कपडे धुताना, क्रिकेट बघताना, मेस संध्याकाळी बंद म्हणून चौघे जेवायला बाहेर पडतात तेव्हा. दर शनिवारी घरी जाणारा या चौघांत कधीच नसतो.

ओळख करून देण्याच्या नावाखाली सीनियर खोलीवर बोलावून ‘इंट्रो’ घेत असतील, तर तो वेगळा विषय आहे. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याने रॅगिंगला बंदी आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. न बोलणारी मुलेच अशा वेळी सोपे लक्ष्य ठरतात.

आणि लाज कधी मर्यादा ओलांडते? तोंडी परीक्षा चुकवली जाते, लोक असतात म्हणून मेसमध्ये जेवण टाळले जाते, हजेरी घसरते, झोप जाते. तेव्हा समुपदेशक गाठावा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. संस्थेत कुणी नसेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते, मराठीतही.

घरच्यांनी फोनवरचा प्रश्न बदलला तरी फरक पडेल. ‘मित्र झाले का?’ याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते, आणि ‘नाही’ म्हणताना अपयश सांगितल्यासारखे वाटते. त्याऐवजी प्रॅक्टिकलला शेजारी कोण असतो, तो कुठल्या गावचा, हे विचारता येते.