किरकोळ विहिरींचा मोठा हिशेब

नैसर्गिक वायूच्या उत्पादनात अमेरिका आज जगात पहिली आहे. त्या थाटामागे पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ पट्ट्यात आणि इतरत्रही लाखो म्हाताऱ्या विहिरी जेमतेम धुगधुगी धरून आहेत. दिवसाला ९० हजार घनफुटांपेक्षा, म्हणजे सुमारे अडीच हजार घनमीटरपेक्षा कमी वायू देणारी विहीर तिथे सीमांत मानली जाते. धार बारीक, मालक बहुधा छोटा आणि नफा बेताचा. म्हणून करापासून मोजमापापर्यंत सवलती. एकेका विहिरीपुरती ही उदारता पटते. पण थेंबे थेंबे तळे साचे, हे सवलतींनाही लागू आहे.

मुळात बारीक धार मोजणेच अवघड. रूढ पद्धतीत नळीत भोक पाडलेली चकती बसवतात आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातील फरकावरून प्रवाह काढतात. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. प्रवाह कमाल क्षमतेच्या एक दशांशावर आला, की दाबातील फरक एक शतांशावर येतो. जुन्या यंत्रात गोल कागदावर शाईचे पेन फिरते. शंभर रेघांपैकी पहिल्याच रेघेवर रेंगाळणारे ते पेन एक रेघ वर सरकले, तर वायू ४१ टक्के जास्त दिसतो. एक रेघ खाली आले, तर शून्य! लहान भोकाची चकती लावावी, तर आधीच दमलेल्या विहिरीवर उलटा दाब येतो. त्यात नळीत पाणी साचते आणि विहीर थांबत-थांबत वाहते.

सरकारी जमिनींसाठी अमेरिकेने २०१६ मध्ये केलेल्या नियमांत मोठ्या प्रवाहाच्या मापनात अनिश्चितता दोन ते तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. दिवसाला दोन लाख घनफुटांपर्यंतच्या प्रवाहाला ती मर्यादा नाही. कागदी नोंदयंत्रही चालते. हजारभर डॉलरच्या वायूसाठी महागडे मीटर लादू नये, हा युक्तिवाद रास्तच. मात्र रॉयल्टी याच आकड्यावर ठरते, हे जमीनमालकाने विसरू नये.

त्याहून गंभीर बाब मीटरच्या अलीकडची आहे. विहिरीचे तोंड, झडपा, टाकीचे झाकण यांतून निसटलेला वायू मीटरपर्यंत पोहोचतच नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अशा कमी धारेच्या जागा अमेरिकेतील चालू विहीर-स्थळांपैकी सुमारे ८० टक्के आहेत. त्यांचे उत्पादन जेमतेम सहा टक्के. पण सर्व विहीर-स्थळांवरून हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी जवळपास निम्मा त्यांचा. वीस वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. छोट्या विहिरींनाही नियमित तपासणीच्या कक्षेत आणणारे नियम २०२३ च्या अखेरीस आले. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने त्यांचा फेरविचार जाहीर केला.

आपणही दुरून गंमत पाहू नये. रानीगंज आणि झरियाच्या कोळसा थरांतून मिथेन काढणाऱ्या विहिरी एकेकट्या मोठ्या उत्पादनाच्या नसतात. गुजरात, आसामातील क्षेत्रे वयस्कर झाली आहेत. मिथेन कपातीच्या २०२१ च्या जागतिक प्रतिज्ञेत भारत सामील झाला नाही. भातशेती आणि गुरांच्या बाबतीत त्यामागचे कारण समजू शकते. गळक्या झडपेला ती ढाल कशाला?

मार्ग मधला आहे. प्रत्येक विहिरीवर भारी मीटर नको. फिरत्या यंत्राने ठरावीक काळाने चाचणी घ्या, गळती टिपणारा कॅमेरा वर्षातून काही वेळा फिरवा आणि नोंदी खुल्या करा. मोजण्यात सूट द्या, तपासणीत नको. आणि तेवढाही खर्च न झेपणाऱ्या विहिरीच्या मालकाकडून ती बुजवण्याची रक्कम आधीच अनामत घ्या. बेवारस विहिरी बुजवण्यासाठी अमेरिकेला २०२१ च्या कायद्यात ४.७ अब्ज डॉलर राखून ठेवावे लागले. मालकाला दिलेल्या सवलतीचे बिल अखेर करदात्याच्याच नावावर फाटते, एवढे तरी आपण त्यातून शिकावे.