शर्टावरचा सात नंबर

गेल्या वर्षी एप्रिल-मे लेकीकडे न्यू जर्सीत काढला. एका रात्री सात वर्षांचा नातू झोपायला आला तो बेसबॉलचा नवा गणवेश घालून, टोपीसकट! पाठीवर सात नंबर बघून माझी कॉलर ताठ. म्हटलं, ‘‘धोनीचा नंबर रे!’’ तो म्हणाला, ‘‘नाही आबा, मी सात वर्षांचा आहे ना!’’

दुसऱ्या दिवशी सामना होता. या वयात चेंडू कुणी टाकत नाही. रबरी दांडीवर ठेवलेला चेंडू टोलवायचा. त्याला टी-बॉल म्हणतात. चिरंजीवांनी आधी दोनदा दांडीच हाणली, मग चेंडू. लांब उभे असलेले गडी गवतातली पिवळी फुलं खुडत होते. घरी येताना विचारलं, ‘‘कोण जिंकलं रे?’’ पत्ता नाही. खाऊ कोणाच्या आईनं आणला होता, ते मात्र बिनचूक सांगितलं.

मग ही पोरं येतात तरी कशासाठी? शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात, विल्यम्सपोर्ट गावी, कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाला हे १९३८ सालीच उमगलं होतं. भाच्यांशी अंगणात चेंडू खेळताना त्यानं सहज विचारलं: खरा संघ काढला, गणवेश, नवा चेंडू आणि तुम्हाला पेलेल अशी बॅट दिली, तर खेळाल? पोरं हरखलीच. ६ जून १९३९ला तीन संघांनिशी ‘लिटल लीग’ सुरू झाली. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमध्ये ९० फूट अंतर असतं; स्टॉट्झनं ते ६० फुटांवर आणलं. खेळ मुलांच्या पायांच्या मापाचा केला. मुलींना मात्र तिथे रीतसर प्रवेश मिळायला १९७४ उजाडलं.

आपण उलटं करतो. आठ वर्षांच्या पोराच्या हाती मोठ्या भावाची बॅट देतो, बावीस यार्ड पळवतो आणि घरी आल्यावर विचारतो, ‘‘किती केल्यास?’’ मीही माझ्या मुलाला हेच विचारायचो. बाराव्या वर्षी त्यानं किट माळ्यावर टाकलं.

परतायच्या आदल्या संध्याकाळी नातवानं ग्लव्ह आणून माझ्या मांडीवर ठेवला. गुडघे कुरकुरत होते, तरी अंगणात उतरलो. त्यानं टाकायचा, मी सोडायचा, तो खिदळायचा.

तुमच्या घरीही एखादं पोर चेंडू घेऊन दाराशी उभं असेल. त्याला स्कोअर विचारू नका. चपला घाला आणि खाली उतरा.