विलंबाचा बाजार

व्यापारी लाच का देतो? ‘नीतिमत्ता ढासळली’ हे उत्तर सोपे असले, तरी अपुरे आहे. कर चुकविण्यासाठी किंवा कंत्राट लाटण्यासाठी जो पैसे चारतो, तो गुन्ह्यातील भागीदारच होय. त्याची कीव करण्याचे कारण नाही. परंतु विकसनशील देशांत हक्काच्या कामासाठीही लाच मोजावी लागते. खरा प्रश्न तेथे आहे.

१९८३ साली पेरू देशात अर्थतज्ज्ञ हेर्नांडो डी सोटो यांच्या संस्थेने एक प्रयोग केला. लिमा शहरात कपडे शिवण्याचा छोटा कारखाना कायदेशीररीत्या नोंदवावयाचा आणि शक्यतो लाच द्यावयाची नाही, असे ठरले. परवाने हाती पडेपर्यंत २८९ दिवस गेले. दहा वेळा लाच मागण्यात आली. दोनदा ती दिल्यावाचून काम पुढे सरकेना. कर्ज काढून यंत्रे आणणाऱ्याचे व्याज मात्र इतके दिवस थांबत नसते.

भारताचा अनुभव निराळा नाही. लाच देणाऱ्याला पुष्कळदा बेकायदा काही करून घ्यावयाचे नसते, फाईल लवकर हलावी एवढीच त्याची इच्छा असते, असे संथानम समितीने १९६४ च्या अहवालात नमूद केले. या ‘स्पीड मनी’ला कारभाराचे वंगण मानणारे विद्वानही निघाले. गुन्नार मिर्दाल यांनी १९६८ च्या ‘एशियन ड्रामा’ या ग्रंथात हा भ्रम खोडून काढला. विलंबातून पैसा मिळतो हे एकदा कळले, की विलंब मुद्दाम केला जातो. वजन ठेवल्याने एक फाईल हलते. उरलेल्या मात्र वजनाची वाट पाहत पडून राहतात.

मग तक्रार का होत नाही? २०१८ च्या कायदादुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला; सक्ती झाल्यास सात दिवसांत कळविणाऱ्यास तेवढे संरक्षण मिळाले. पण पुढील वर्षी नूतनीकरणासाठी ज्याला त्याच कचेरीची पायरी चढावयाची आहे, तो हे धाडस कसे करील? शेजारचा स्पर्धक पैसे देऊन आधी उत्पादन सुरू करतो, तेव्हा प्रामाणिकपणाच तोट्याचा ठरतो.

म्हणून उपदेशापेक्षा अडवणुकीची सत्ता कमी करणे निकडीचे आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी मुदत, अपील व दंड यांची तरतूद केली. दिशा योग्य आहे. पण मुदत टळताच जाब आपोआप विचारला गेला पाहिजे, त्यासाठी अर्जदाराला वैर पत्करावे लागता कामा नये. विलंब करणाऱ्याला जोवर काहीच मोजावे लागत नाही, तोवर विलंबाची विक्री थांबणार नाही.